कपड्याचं दुकान आहे म्हणून सांग

लग्न होऊन बेंगलोरला आले तेव्हा घराचा उंबरा ओलांडायच्या आधीच मला एक खोटं शिकवण्यात आलं. चामराजपेटच्या गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. थोरल्या दिरांनी माझी ट्रंक उतरवून घेतली आणि इकडंतिकडं बघत हळू आवाजात सांगितलं, "कुणी इचारलं काय करता, तर कपड्याचं दुकान हाय म्हणून सांगायचं." मी मान डोलावली. नव्या नवरीला मान डोलावण्यापलीकडं काम नसतं. पण मनात म्हटलं, सोन्याच्या कामातलं स्थळ म्हणून बापानं कौतुकानं मला इथं दिलं, आणि रिक्षातून उतरेपर्यंत सोन्याचं कापड झालं.

आमचा धंदा गलाईचा. विट्याच्या बाजूच्या कोरडवाहू गावांतली माणसं या कामासाठी देशभर पांगली आहेत. सोनार जुने दागिने, तुटक्या साखळ्या, कानशीचा चुरा आणून देतात. गलाईवाला ते भट्टीत वितळवतो, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, घालून त्यातलं तांबं-चांदी वेगळं करतो आणि शुद्ध सोनं परत देतो. दागिना मुळात कुणाच्या गळ्यातला हे त्याला माहीत नसतं, पण पोलिसांना वाटतं त्याला सगळं माहीत असतं. चोरीचा माल वितळवला असं म्हणून आमच्यातल्या माणसांना अधूनमधून उचलून नेत. घरात सोनं असतं हे कळलं तर चोरांचीही भीती. म्हणून दाराला पाटी नाही, आणि कुणीही विचारलं तरी कपड्याचं दुकान. भाजीवालीला मी हेच सांगितलं होतं. ती बिचारी दर सणाला माझ्याकडं स्वस्तात ब्लाउजपीस मागायची, आणि मी मार्केटातून विकत आणून आमच्या दुकानातलं म्हणून तिला द्यायची.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत भट्टी, मागच्या खोलीत आम्ही. मी, माझा नवरा, थोरले दीर, आणि पुढं आमची मुलगी. जाऊबाई गावाकडं शेत आणि पोरं सांभाळायच्या. नवऱ्याला मी इथं 'हे' म्हणणार आहे. आमच्यात नाव घ्यायची पद्धत नाही, आणि उखाण्यात घ्यायचं वय आता उलटलं. वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायच्या, बेंगलोरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी शिंप्यांच्या घरातल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असे. मला जे काही कन्नड आलं ते त्यांच्याकडून आणि भाजीवालीकडून.

पुढच्या खोलीला गल्लीच्या बाजूनं एक खिडकी होती. ती खिळे ठोकून बंद केलेली होती आणि फटींमध्ये चिंध्या कोंबल्या होत्या. छताला पंखा होता, पण त्याचं बटण दाबलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या धंद्यात सोनं सांडत नाही, उडतं. दागिना तोडताना, घासताना, मूस, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं, उपसताना जी धूळ उठते तिच्यात सोनं असतं. ती धूळ वाऱ्यावर जाऊ देणारा गलाईवाला म्हणजे भिकेचे डोहाळे लागलेला माणूस. रोजचा केर डब्यात जमा व्हायचा. हात धुतलेलं पाणी पिंपात साठायचं. वर्षातून एकदा बसायची पोती, पायपुसणी, जुने बनियन, केरसुण्या सगळं जाळून ती राख भट्टीत जायची, आणि त्यातून खरंच सोनं निघायचं. सासूबाईंनी लग्नात मला जी एकमेव शिकवण दिली ती अशी, की नवऱ्याचा फाटका बनियन कधी फेकू नकोस.

मी एकदा म्हणाले, निदान दुपारी तरी खिडकी उघडूया, आत जीव घुसमटतो. दीर म्हणाले, खिडकीतनं वारा येतो आणि सोनं जातं. विषय संपला. त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. फक्त धूळ आणि धूर एकाच हवेत असतात, एक कोंडलं की दुसरंही कोंडलं जातं, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. आमच्या लोकांच्या जिथं जिथं भट्ट्या आहेत तिथं तिथं खिडक्या अशाच बंद असायच्या.

तेजाबाचा तांबूस धूर जायला एक पत्र्याचं धुराडं होतं. भट्टीला तेवढंही नव्हतं. मागच्या खोलीतल्या माझ्या माहेरच्या पितळी डब्यांवर बघता बघता काळपट हिरवे डाग चढायचे. चिंच लावून घासले की जायचे आणि पुन्हा यायचे. एकदा घासता घासता हात थांबला. डबे पितळेचे म्हणून डाग दिसतात, आपल्या आत कोण बघायला गेलंय, असं मनात आलं. यांची बोटं तेजाबानं पिवळी पडलेली असायची. सकाळी तोंड धुताना ते खोकायचे. तो खोकला ऐकत मी चहा करायची आणि आज कालच्यापेक्षा जास्त आहे का, याचा अंदाज घ्यायची.

खरी भीती मात्र मला गावात बसली. जत्रेला गेलो की देवळाच्या पायऱ्यांवर भट्टीवरून कायमची परतलेली माणसं बसलेली दिसायची. कुणी मद्रासला होतं, कुणी कलकत्त्याला. अंगावर पांढरेशुभ्र कपडे, बोटात अंगठी, मागं सिमेंटचं दुमजली घर, आणि बोलताना दर वाक्याला दम. गावात कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. भट्टीचा दमा आहे म्हणायचे, आणि म्हणताना आवाजात थोडा मानच असायचा, कारण दमा होता म्हणजे माणसानं कमावलं होतं. माझे सासरे त्यांच्यातलेच. एका सकाळी साधा खोकला आला आणि त्यांची बरगडी मोडली. खोकल्यानं बरगडी मोडलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. लोक म्हणाले, वय झालं. त्यांचं वय झालेलं नव्हतं. पुढच्याच हिवाळ्यात ते गेले. तिरडीमागून हे आणि दीर खोकत खोकत चालत होते, आणि बायकांत उभ्या राहिलेल्या मला एकदम समजलं की मी नुसता सासऱ्यांना निरोप देत नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात एकच गोष्ट राहिली, यांना त्या खोलीतून जिवंत बाहेर काढायचं. कसं ते ठाऊक नव्हतं. मी विषय काढला की हे म्हणायचे, गावचं घर पुरं होऊ दे, मग बघू. घर काही पुरं होत नव्हतं, दरवेळी त्याला एक खोली वाढायची.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला सोनारांकडं केडीएमचं खूळ आलं. दागिना जोडायला झाळ लागतो. त्या झाळात आता कॅडमियम नावाचा धातू घालायला लागले, त्यामुळं सोन्याचा कस कमी होत नाही म्हणे. गिऱ्हाईक केडीएमच मागायला लागलं, सोनारांच्या काचांवर तशा पाट्या लागल्या. तेच दागिने मोडीत निघाले, त्यांचा चुरा झाला, की आमच्याकडं यायचे. आणि भट्टीत सोनं वितळायच्या आधीच ते कॅडमियम धूर होऊन वर यायचं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की असा माल असला की धूर पिवळट तपकिरी निघतो आणि भट्टीच्या वर भिंतीला तपकिरी भुकटी धरते.

तशा दिवशी यांची तोंडाची चव जायची. चहा प्यायले की म्हणायचे, तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय, आणि वर गोडसर. संध्याकाळी कणकण यायची, अंग मोडून यायचं. सकाळी मात्र काहीच नसायचं. याला आमच्यात भट्टीचा ताप म्हणतात आणि त्यावरचं औषध ठरलेलं आहे, गुळाचा खडा आणि पेलाभर दूध. गूळ धूर ओढून घेतो आणि दूध पोट धुतं, असं आमच्याकडं सांगतात. मीही भक्तिभावानं द्यायची. धूर पोटात जात नाही, छातीत जातो, एवढं शाळेत शिकलेल्या मला माहीत होतं, तरी गूळ दिला की आपण काहीतरी केलं असं वाटून जिवाला बरं वाटायचं.

त्या वर्षीचा वरमहालक्ष्मीचा सण जवळ आला होता. श्रावणात इथल्या बायका लक्ष्मी मांडतात, तिच्यासाठी सोनं घेतात, जुनं मोडून नवं करतात. सोनारांची घाई उडालेली. दीर शेताच्या कोर्टकामासाठी गावाला गेलेले, त्यामुळं भट्टीवर हे एकटेच. एका सोनाराकडून केडीएमचा मोठा माल आला, सणाच्या आत हवा म्हणून. त्या दिवशी बाहेर वारं सुटलं होतं, दाराच्या फळ्या खडखडत होत्या. चुरा उडेल म्हणून यांनी दारही आतून लावून घेतलं आणि खालच्या फटीला ओलं पोतं लावलं. मी मधल्या दारातून जेवायला हाक मारली तेव्हा आत डोक्याएवढ्या उंचीवर धुराचा थर नुसता थांबलेला होता. हलत नव्हता. हे त्याच्याखाली वाकून बसले होते.

मी म्हणाले, आता पुरे करा. हे म्हणाले, एवढी मूस उतरू दे.

संध्याकाळी थंडी वाजून ताप भरला. छाती आवळल्यासारखी झाली, डोकं ठणकायला लागलं. मी गूळ दिला, दूध दिलं, दोन गोधड्या घातल्या. नेहमीचंच म्हणून मीही फार घाबरले नाही. सकाळी ताप उतरला, हे उठून बसले, इडली मागितली. मला हायसं वाटलं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की हा धूर असाच फसवतो. आधी ताप देतो, मग माणसाला बरं वाटू देतो, आणि तेवढ्या वेळात आत फुप्फुसं जाळून टाकतो. बरं वाटलं म्हणून हे पुन्हा भट्टीवर बसले. उरलेला माल त्यांनी संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडून आत आले तर हे भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. श्वास घेताना गळ्याखाली खड्डा पडत होता. ओठ जांभळट. मला बघून काही बोलायला गेले, पण वाक्य निघेना, एकेक शब्द सुटा यायला लागला. मुलगी शेजारी बसून त्यांची नक्कल करत होती, तिला वाटलं बाबा खेळतायत. मी तिला उचललं आणि जिन्यात जाऊन अक्कांना हाक मारली. त्या मिऱ्याचा काढा घेऊन खाली आल्या, यांच्याकडं बघितलं आणि पेला तसाच खाली ठेवला. म्हणाल्या, "हे ताप न्हवे, मा. ह्याला आत्ताच न्यायला पायजे." त्यांनीच रिक्षा बोलावली, मुलीला कडेवर घेतलं. रिक्षात यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. प्रत्येक श्वासाला आतून बुडबुडे फुटल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज थांबेल याची मला भीती वाटत होती, आणि तो चालूच राहील याचीही.

मोठ्या सरकारी दवाखान्यात यांना लगेच ऑक्सिजन लावला. छातीचा फोटो काढला. दोन्ही फुप्फुसं ढगाळ पांढरी दिसत होती. न्यूमोनिया असावा, असं म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. मी एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन करून निरोप ठेवला, आणि दीर दुसऱ्या दिवशी मिळेल त्या गाडीनं येऊन पोचले. तोवर यांची तब्येत आणखी खालावली होती. इंजेक्शनांचा काही उपयोग दिसत नव्हता. नर्सबाईंचं यांच्याकडं येणं वाढलं होतं, आणि दवाखान्यात ते चांगलं लक्षण नसतं.

राउंडला आलेले डॉक्टर पोक्त होते, छातीच्या रोगाचे. त्यांना हिंदी जेमतेम यायचं. माझं कन्नड बाजारापुरतं. दीर मात्र लहानपणापासून बेंगलोरात, कन्नड त्यांच्या तोंडात नदीसारखं. म्हणून बोलणं सगळं त्यांच्यामार्फत. डॉक्टर विचारायचे, दीर उत्तर द्यायचे, आणि त्यातलं त्यांना जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं मला मराठीत सांगायचे. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "एन केलसा माडतारे?" काम काय करतात, एवढं मला समजलं.

दीर म्हणाले, "बट्टे अंगडी, सार्."

कपड्याचं दुकान. हे शब्द मला भाजीवालीमुळं चांगलेच पाठ होते. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, कापडाच्या गिरणीत की दुकानात, कुठं रंगाचं काम, रसायनाचं काम? दिरांनी मान हलवली. नुसतं दुकान. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर कोडं पडल्यासारखं झालं. त्यांनी फोटो परत पाकिटात घातला आणि पुढच्या खाटेकडं वळले.

दीर वाईट माणूस नाहीत, हे मला इथं सांगायला हवं. यांना त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलं होतं. आल्यापासून त्यांनी खाटेची कड सोडली नव्हती. पण ते वाक्य त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की भाऊ मरायला टेकला तरी तोंडातून तेच निघालं. आणि मला माहीत होतं की दवाखान्याच्या कागदावर सोन्याचं काम चढेल या विचारानं त्यांना पुढं पोलीस दिसत होते. मला पोलीस दिसत नव्हते. मला गळ्याखालचा तो खड्डा दिसत होता.

मी डॉक्टरांच्या मागं गेले. दिरांसमोर डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी मी, भरल्या वॉर्डात डॉक्टरांच्या बाहीला हात लावला. मोडकंतोडकं जे होतं ते गोळा केलं.

"सार्, बट्टे अंगडी इल्ला. बंगारा करगसो केलसा. होगे बरुत्ते. किटकी मुच्चिरुत्ते."

कपड्याचं दुकान नाही. सोनं वितळवायचं काम. धूर येतो. खिडकी बंद असते. यापेक्षा एक शब्द जास्त मला येत नव्हता. डॉक्टर वळले. त्यांनी दिरांकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघून विचारलं, कसलं सोनं? मी म्हणाले, केडीएम. ते शब्दाला अडखळले नाहीत. त्यांच्या बायकोच्या गळ्यातही तेच असणार.

नंतर सगळं भराभर झालं. डॉक्टरांनी ज्युनिअर डॉक्टरांना बोलावलं, कॅडमियम हा शब्द मी त्यांच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा ऐकला. औषध बदललं. हा जंतूंचा आजार नाही, फुप्फुसं आतून भाजली आहेत आणि त्यांत पाणी भरलंय, असं त्यांनी मला हिंदी-कन्नड मिसळून, हातानं छातीवर दाखवून समजावलं. धूर कधी बसला, किती वेळ बसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला का, सगळं विचारलं. मी त्यांना विचारलं, वाचतील का. ते म्हणाले, आज सांगता येणार नाही. त्यांनी खोटा धीर दिला नाही याचा मला तेव्हा राग आला होता.

दीर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वॉर्डच्या दाराशी खाकी कपडे दिसले की, मग तो साधा वॉचमन का असेना, ते जिन्यात जाऊन उभे राहायचे. एकदाच म्हणाले, माझ्याकडं न बघता, "तू सगळ्यांला खड्ड्यात घातलंस." मलाही भीती वाटत होतीच. हे गेले तर आपण घर उघडं पाडलं आणि माणूसही गेला, असं दोन्हीकडून होईल, याची. मी यांच्या पायाशी बसून नुसती छाती वर-खाली होताना बघत राहायची. देवाचं नाव घ्यायला बसले की श्वास मोजायला लागायची आणि नाव विसरायची.

मधे एकदा कपडे आणायला घरी गेले. भट्टी विझलेली. आता मी बघायला शिकले होते, म्हणून बघितलं. तपकिरी भुकटी नुसती भट्टीच्या भिंतीवर नव्हती. मधल्या दाराच्या चौकटीवर होती. मागच्या खोलीत दोरीवर, मुलीच्या झबल्याच्या खांद्यावर, पिठाच्या डब्याच्या झाकणावर, दुधाच्या पातेल्याच्या काठाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तिथंही. त्याच पातेल्यातलं दूध मी औषध म्हणून यांना पाजत होते. मी पातेलं उचललं, नळाखाली धरलं, घासलं, पुन्हा घासलं, मग तसंच टाकून दिलं. सोन्याचा विचारसुद्धा मनात आला नाही.

हे वाचले. एकाएकी नाही. आधी ओठांचा रंग परतला, मग एक सबंध वाक्य बोलता आलं, आणि त्या पहिल्या वाक्यात त्यांनी विचारलं की सोनाराचा माल पोचला का. मी आधी रडले आणि मग त्यांना बरंच बोलले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा कन्नडमधून मला शांत करत होता. घरी जाताना डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसाचा काही भाग आता कायमचा कडक झालाय, जिना चढताना दम लागेल, आणि भट्टीसमोर पुन्हा बसायचं नाही, एकदाही नाही. त्यांनी हे यांना सांगितलं, मला सांगितलं, दिरांनाही सांगितलं. पोलीस कुणी आले नाहीत. डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही, वाचता आलंही नसतं.

अक्कांनी आम्हा तिघांना वरच्या मजल्यावरची एक खोली दिली. हे एका सोनाराच्या दुकानात मोजणीच्या काट्यावर बसायला लागले. दुपारी दुकानातून घरी येताना मधल्या पायऱ्यांवर थांबायचे, मी वरून त्यांच्या थांबण्याचा अंदाज घ्यायची. खाली दीर एकटेच भट्टी चालवत होते. दोन पोरींची लग्नं डोक्यावर होती, आणि दुसरं काम त्यांना येत नव्हतं. जेवायला वर यायचे, माझ्याशी मोजकं बोलायचे. मी वाढायची. ते खोकायचे तेव्हा आम्ही सगळेच ताटात बघायचो.

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. दीर वर आले. सहसा ते माझ्याशी एकट्यात बोलायला थांबत नसत. कठड्याला टेकून उभे राहिले, श्वास जागेवर यायला त्यांना वेळ लागला. मग म्हणाले, "त्या डाक्टराकडं जायचं हाय. तू चल संगं." मी विचारलं, यांना काही होतंय का? ते म्हणाले, "त्याला न्हाई." ओला पदर पिळला, मुलीला अक्कांकडं ठेवलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.

दवाखान्यात बाकावर बसलो असताना ते मला म्हणाले की तूच सांग, मागच्यासारखं. मला आधी हसूच आलं. ज्यांचं कन्नड ऐकून रिक्षावाले त्यांना इथलेच समजायचे, ते मला सांगायला लावत होते. नंबर आला. तेच पोक्त डॉक्टर. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली आणि दिरांकडं वळून तोच प्रश्न विचारला, एन केलसा.

मी तोंड उघडलं. दिरांनी हात वर करून मला थांबवलं आणि स्वतः बोलायला लागले. सावकाश सुरुवात केली, मग थांबेचनात. मला सगळं समजत नव्हतं. भट्टी समजली, वडील समजले, गुडघे आणि पाठीचं दुखणं समजलं, भाऊ समजला. तोंडातली गोडसर चव सांगताना त्यांनी जिभेला बोट लावून दाखवलं, म्हणजे त्यांनाही ती इतके दिवस लागत होती. डॉक्टर लिहायचं थांबवून नुसते ऐकत होते. शेवटी दीर टेबलाच्या कडेवर दोन्ही हात ठेवून पुढं वाकले आणि म्हणाले, "ननगे भया आगुत्ते, सार्."

मला भीती वाटते. एवढं वाक्य मला सबंध कळलं. आमच्या घरातल्या पुरुषाच्या तोंडून ते मी कुठल्याच भाषेत त्याआधी ऐकलं नव्हतं.